अक्का, अक्षतेला किती वाजता निघायचं?

सोलापुरात नळाला पाणी रोज येत नाही, हे बाहेरगावच्या पाहुण्याला पहिल्याच संध्याकाळी सांगून टाकावं लागतं. नाहीतर तो सकाळी उठून नळ सोडतो, नळ नुसता फुसफुसतो आणि पाहुणा आपल्याकडं बघतो. उजनी धरण इथून शंभरावर किलोमीटर. तिथून निघालेलं पाणी आमच्या हंड्यापर्यंत चार-पाच दिवसांआड पोचतं. त्यामुळं आमच्या गल्लीत सोमवार-मंगळवारला फारशी किंमत नाही. वार दोनच, पाण्याचा आणि बिनपाण्याचा.

पाणी आलं की बायका बोलत नाहीत, भरतात. पाणी गेलं की एकदम सगळ्यांना कंठ फुटतो. परवा तसंच झालं. शेवटची कळशी ओट्यावर ठेवून मी दम खायला मागच्या भिंतीशी आले, तर पलीकडं अक्का दोरीवर धुणं घालत होती. आमची ही भिंत चार फुटांची. गेल्या वर्षी अक्काच्या थोरल्यानं ती वाढवायची म्हणून विटासुद्धा आणल्या होत्या. अक्कानं त्या विटांचा तुळशीला कट्टा बांधून घेतला. भिंत आहे तेवढीच आहे.

"काय करालाव बाई?" अक्कानं विचारलं. मी मास्तरीण होते, निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, तरी गल्लीला मी बाईच. अक्का जातीनं, मनानं आणि जिभेनं सोलापूरची. घरात कानडी, दुकानात तेलुगू, माझ्याशी मराठी आणि चिडली की तिन्ही.

"काही नाही, टेकलेय जरा."

"मग मोजा बरं हे. माझा चष्मा आत ऱ्हायलाय."

तिनं दोरीवरची पांढरीशुभ्र बाराबंदी माझ्याकडं सरकवली. नीळ जरा जास्तच झाली होती. मी बंद मोजले. एकदा वरून खाली, एकदा खालून वर.

"अकराच आहेत."

"बघा! म्या म्हनलं नव्हतं? रात्री सरावाला गेला की काहीतरी तोडूनच येतंय ते."

ते म्हणजे तिचं धाकटं. तिशी ओलांडली, पण अजून तेच. हे धाकटं सिद्धेश्वराच्या यात्रेत नंदीध्वज धरणाऱ्यांत आहे. यात्रा संक्रांतीच्या दिवसांत, पण उंच काठी कमरेच्या पट्ट्यावर तोलून चालायचं तर शरीराला आधीपासून सवय लागते. म्हणून थंडी सुरू झाली की पोरं रात्री सरावाला जातात. दिवसा दुकानात गिऱ्हाईकासमोर डुलक्या काढतात, तो भाग वेगळा.

"यंदा काय काय कधी हाय ते सांगा बघू सगळं एकदा," अक्का म्हणाली. "तुमच्याकडं पेपर येतो. आमच्याकडं नुसते फोन येतात."

मी आतून भिंतीवरचं कॅलेंडर काढून आणलं. आमच्या कॅलेंडरवर दुधाचे खाडे निळ्यानं, पाण्याचे दिवस लाल गोलात आणि गॅस कधी लावला ते कोपऱ्यात. जानेवारीच्या पानावर आता पेन्सिलीला जागा शोधावी लागत होती. वर्षभर हे गाव उन्हात पाय पसरून बसल्यासारखं असतं आणि मग जानेवारीत सगळं एकदम. जत्रा, जयंत्या, शिबिरं, हळदीकुंकू, झेंडावंदन. लग्नघरात एकाच न्हाणीघरासमोर सगळे उभे राहावेत तशा तारखा एकमेकींच्या अंगावर येतात.

"बारा तारखेपासून धरा," मी म्हटलं.

"बारा तारीख नका काढू. त्या दिवशी आमच्या नातवाची तीन भाषणं हायत."

"तीन?"

"सकाळी शाळेत जिजाऊ. त्याच्यामागं विवेकानंद. आणि संध्याकाळी मंडळात चार हुतात्मे. त्याची आई म्हनली, एकच फेटा तिन्हीला चालतो."

फेटा चालेल, भाषण चालणार नाही, हे मला मास्तरीण म्हणून सांगावंसं वाटलं. जिजाऊंची आणि विवेकानंदांची जयंती एकाच दिवशी येते हे सगळ्या महाराष्ट्राचंच दुखणं, पण सोलापुरात त्या तारखेवर तिसरं आणि सगळ्यात जवळचं ओझं आहे. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा या चौघांना 12 जानेवारी 1931 रोजी येरवड्यात फाशी दिली. त्याआधी 1930 च्या मे महिन्यात गावानं काही दिवस इंग्रजांचा अंमलच उखडून टाकला होता आणि मग सरकारनं मार्शल लॉ पुकारला. अक्काची सासू आपलं वय सांगताना साल सांगायची नाही, "मार्शल लॉच्या वक्ताला मी पाळण्यात होते" असं सांगायची. जनगणनेवाल्याला तिनं तेच सांगितलं होतं आणि त्यानं बिचाऱ्यानं तेच लिहून घेतलं, असं अक्का शपथेवर सांगते.

"पोराला चौघांची नावं तरी पाठ आहेत का?" मी विचारलं.

"तीन येतात. चौथ्याला अडतो."

"कोणता चौथा?"

"रोज वेगळा."

मग मी भिंतीवरूनच हाक मारून त्या फेटेवाल्याला बोलावलं आणि चार नावं चार बोटांवर बसवली. एक लिंगायत, एक मुसलमान, एक मराठा, एक मारवाडी. बाळा, ही आपली गल्लीच आहे असं समज, म्हणजे विसरणार नाहीस. तो म्हणाला, "गल्लीत मारवाडी नाहीत बाई." खरं होतं. किराणा दुकानावर भागवलं.

तेवढ्यात समोरच्या घरातली नवी सून कचऱ्याचा डबा घेऊन आली आणि डबा तिथंच ठेवून थांबली. पुण्याची पोर. लग्नानंतरचा पहिलाच गड्डा. "गड्डा म्हणजे नक्की काय असतं हो काकू?" तिनं विचारलं. अक्कानं माझ्याकडं असं पाहिलं, की पोरीच्या आईबापानं तिला काही शिकवलंच नाही.

गड्डा म्हणजे यात्रेच्या निमित्तानं होम मैदानावर भरणारी जत्रा. पाळणे, मौत का कुआ, बांगड्या, चिनी मातीच्या बरण्या, पिपाण्या, आणि घरी येईपर्यंतच टिकणारी खेळणी. सोलापुरात "यात्रेला चाललो" म्हणणारा देवाला जातो आणि "गड्ड्याला चाललो" म्हणणारा भज्यांना जातो, असा माझा इतक्या वर्षांचा हिशोब आहे. 2021 साली कोरोनामुळं गड्डा भरला नाही, तेव्हा मैदान रिकामं बघून अक्का रडली होती. देवाचे विधी मोजक्या माणसांत झाले होते, पण रडू आलं ते पाळण्यांसाठी. ती हे कबूल करत नाही.

"आधी तैलाभिषेक," अक्कानं पोरीला शिकवायला घेतलं. "सिद्धरामानं गावाभोवती अडुसष्ट लिंगं बसवली. नंदीध्वज वाड्यातनं निघतात, सगळ्या लिंगांना फिरून तेल. दुसऱ्या दिवशी अक्षता. मग होम. मग दारूकाम."

"दारूकाम?" पोरगी दचकली.

"शोभेची दारू गं. फटाके. मैदानावर. आणि शेवटी कप्पडकळी, म्हणजे नंदीध्वजांची वस्त्रं उतरवली, की संपलं."

"आणि अक्षता कुणाच्या लग्नाच्या?"

इथं अक्का भिंतीवर दोन्ही कोपरं टेकवून उभी राहिली. म्हणजे गोष्ट लांबणार.

सिद्धेश्वर म्हणजे बाराव्या शतकातले सिद्धरामेश्वर, बसवेश्वर-अल्लमप्रभूंच्या काळातले. त्यांनी गावासाठी तळं खोदून घेतलं, जे आजही देवळाला वेढून आहे. एका कुंभाराच्या मुलीनं हट्ट धरला, लग्न करीन तर यांच्याशीच. योग्यानं लग्न कसं करायचं? मग त्यांनी आपल्या योगदंडाशी तिचं लग्न लावायला परवानगी दिली. तेच लग्न दरवर्षी. तळ्याकाठच्या संमती कट्ट्याजवळ सातही नंदीध्वज येऊन उभे राहतात, संमतीचं वाचन होतं, मंगलाष्टकांसारखी लय चढत जाते, आणि ठरलेल्या जागी सगळं मैदान एकाच वेळी अक्षता टाकतं. सात नंदीध्वजांचे मान गावातल्या वेगवेगळ्या समाजांकडं वाटून दिलेले आहेत. लग्नाची पत्रिका छापत नाहीत, कुणी घरी येऊन कुंकू लावून बोलवत नाही. तरी ज्यांच्या सख्ख्या पुतण्याच्या लग्नाला मानपानावरून गैरहजेरी लागली, ती माणसं इथं सकाळपासून जागा धरून बसतात.

"किती रोमँटिक!" पोरगी म्हणाली.

"थांब," मी म्हटलं. माझं या गोष्टीशी जुनं भांडण आहे. "दुसऱ्या दिवशी होम असतो, तो कशाचा ते विचार."

होमात त्या कुंभारकन्येचं प्रतीक म्हणून साडी नेसवलेली आकृती अग्नीला देतात. ती सती गेली अशी कथा. एक दिवसाचा संसार. माझ्यासारख्या बाहेरून आलेल्या सुनेला पहिल्या वर्षी ते बघवलं नव्हतं. नवरदेवाची काठी नऊशे वर्षं गाव मिरवतं आणि नवरीचं नावसुद्धा कुणी घेत नाही, ती नुसती कुंभाराची पोर. हे मी माझ्या सासूबाईंना एकदा बोलून दाखवलं होतं. त्यानंतर आठवडाभर माझ्या ताटात चटणी वाढली गेली नाही.

अक्काला मी हे पूर्वी कधी बोलले नव्हते. तिनं बाराबंदीची एक बाही झटकली.

"म्हनून तर मी अक्षता टाकून घरी येते," ती म्हणाली. "होमाला मी पन्नास वर्षांत एकदा गेले. एकदाच."

आम्ही दोघी जरा गप्प बसलो. पोरीनं कचऱ्याचा डबा या हातातून त्या हातात घेतला.

गप्प बसणं अक्काला मानवत नाही. "पण वासराचं बघायला जाते हं," तिनं लगेच सुरू केलं. होमाच्या रात्री वासराची भाकणूक असते. दिवसभर उपाशी ठेवलेलं वासरू आणतात, त्याच्यासमोर धान्यं, गूळ, फळं, भाज्या मांडतात आणि ते कशाला तोंड लावतं, बिथरतं की शांत राहतं, यावरून सालाचं भाकीत सांगतात. आल्या आल्या त्यानं मूत्रविसर्जन केलं की पाऊस चांगला. दुसऱ्या दिवशी सगळं बाजारपेठेचं गाव त्या वासरावर बोलत असतं. कशाला तोंड लावलं म्हणजे काय महागणार, शिवलंच नाही म्हणजे काय पडणार. अक्काचे मालक होते तेव्हा वासराच्या तोंडावर सुताचे भाव लावायचे. एका वर्षी आपटले. "वासराची चूक न्हवती," अक्का म्हणते, "ह्यांना मागनं नीट दिसलं नसंल."

"यात्रेच्या मधल्या रविवारी गल्लीची बैठक आहे," मी कॅलेंडरवर बोट ठेवलं. "मारुतीच्या देवळात. पाणी, कुत्री आणि वायरी."

"कोन बोलावलंय?"

मी नाव सांगितलं. इथं लिहीत नाही. मागच्या बैठकीला या गृहस्थांनी नऊ माणसांपुढं पाऊण तास भाषण केलं होतं आणि त्यातली चार त्यांच्या घरची होती. रक्तदान शिबिरही त्यांच्याच मंडळाचं असतं. गेल्या वर्षी रक्त देणाऱ्याला वीस लिटरचा पाण्याचा जार भेट होता. चार-पाच दिवसांआड पाणी येणाऱ्या गावात रक्ताच्या बदल्यात रिकामा जार! रांग मात्र चौकापर्यंत गेली. आमचे हे साठीच्या पुढचे, वजन बेताचं, तरी जारासाठी उभे राहिले. डॉक्टरनं रक्तदाब बघून परत पाठवलं, येताना एक केळं दिलं.

"बैठकीला जाऊन काय हुतंय?" अक्का म्हणाली. "ही वायर बघा."

तिच्या दाराच्या खांबावरून आमच्या गच्चीकडं गेलेली केबल पावसाळ्यापासून लोंबतेय. कुणाची आहे हे कुणालाच माहीत नाही. टीव्हीची म्हणतात, इंटरनेटची म्हणतात. प्रत्येकजण दुसऱ्याची म्हणतो. आता ती इतकी खाली आली आहे, की अक्का तिच्यावर चादरी वाळत घालते. आणि सोलापुरी चादर ओली असताना किती जड होते ते सोलापूरकराला सांगायला नको. तरी वायर तुटत नाही. कामाची वस्तू असती तर केव्हाच तुटली असती.

आणि नंदीध्वजाच्या मार्गावर? तिथं यात्रेच्या आधी झाडांच्या फांद्या छाटल्या जातात, आडव्या वायरी हटवल्या जातात, खड्ड्यांत डांबर पडतं. काठी उंच, ती कुठं अडकता कामा नये. वर्षभर अर्ज करून न हलणारी वायर देव येणार म्हटल्यावर दोन दिवसांत हलते. मला याचा राग येतो आणि आनंदही होतो. राग का ते उघड आहे. आनंद एवढ्यासाठी, की काम कसं करायचं ते यांना येतं, हे निदान वर्षातून एकदा सिद्ध होतं.

अक्कानं यावर तोडगा काढला. "बैठकीत एकच ठराव करा बाई. नंदीध्वज एकदा आपल्या गल्लीतनं न्या."

पोरगी खो-खो हसली. मी हसले नाही. मी तो मुद्दा खरंच कॅलेंडरच्या मागं लिहून ठेवला.

मग हळदीकुंकवाचं निघालं. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत बायकांना संध्याकाळी घरात सापडणं मुश्किल. आमच्या गल्लीत वाण म्हणून नॅपकीन द्यायचा नाही, असा अलिखित नियम आहे. टॉवेल-नॅपकिनांच्या गावात नॅपकीन देणं म्हणजे कोकणात पाहुण्याला नारळ देण्यासारखं. तरी कोपऱ्यावरच्या घरातून दरवर्षी नॅपकीनच येतो. त्यांचे भाऊ कारखान्यात आहेत, हे सगळ्यांना ठाऊक. गेल्या वर्षी त्यातल्या एकाच्या कडेला दुसऱ्याच कुणाच्या तरी लग्नाची तारीख विणलेली निघाली. अक्कानं तो जपून ठेवलाय, यंदा त्यांच्याच हळदीकुंकवाला त्यावर लाडू घेऊन जाणार आहे.

"असं करू नका हं अक्का."

"मी काय बोलनार न्हाई. नुसता पसरनार."

हुरड्याचं आमंत्रण अजून यायचं आहे. अक्काच्या भावाचं शेत मंगळवेढ्याकडं, तिथल्या काळ्या रानातली मालदांडी ज्वारी नावाजलेली. कोवळी कणसं गोवऱ्यांच्या आगटीत भाजायची, तळहातावर चोळायची आणि शेंगाचटणी, गूळ, दह्याबरोबर खायची. हुरडा बोलावून मिळतो तो खरा, विकत घेतलेल्या हुरडा पार्टीत पत्रावळीवर येतो ती नुसती हिरवी ज्वारी, असं माझं स्पष्ट मत आहे. हल्ली तिथं संगीत लावतात. कणसाच्या तडतडीचा आवाज मग कुणी ऐकायचा?

26 जानेवारीचं झेंडावंदन देवळासमोर सव्वासातला. झेंडा कुणी फडकवायचा यावरून गेल्या वर्षी दोन गट झाले. शेवटी तो दूधवाल्याच्या हस्ते फडकला, कारण एवढ्या थंडीत वेळेवर तोच आला होता. यंदाही त्यालाच बोलवावं असं बायकांचं ठरलंय. पुरुषांना अजून सांगितलेलं नाही.

ऊन भिंतीवर आलं. पोरगी डबा घेऊन गेली, जाताना विचारून गेली की अक्षतेला पांढरी साडी नेसायची का. "लग्न हाय, पांढरी कशाला? जरीची नेस," अक्का मागून ओरडली.

मग तिनं चष्मा मागवला, सुईत दोरा मला ओवायला दिला आणि भिंतीवरच बाराबंदी पसरून बारावा बंद शिवायला बसली. जुन्या धोतराची पट्टी कापली होती. तीन टाके घातले, ओढून बघितलं, पुन्हा चार घातले. "कमरेवर जोर येतो तिथलाच तुटतोय दरवर्षी," ती पुटपुटली. धाकटं आतून अंघोळ करून आलं, तिनं ती ओलसर बाराबंदी तशीच त्याच्या खांद्याला लावून बघितली. बंद बाकीच्यांपेक्षा बोटभर लांब झाला होता. त्यानं काही म्हटलं नाही. आईनं शिवलेलं आहे, चालतंय म्हणाला असेल मनात.

"अक्का, अक्षतेला किती वाजता निघायचं?" मी विचारलं.

"अक्षता दुपारी. आपन सकाळीच. डबा घेऊन. उशीर झाला की मानसांच्या पाठी दिसतात नुसत्या."

तेव्हा वाचकहो, यंदा यायचं असेल तर याच. गाडी घरी ठेवा, तळ्याच्या बाजूला त्या दिवशी चालणाराच पुढं जातो. अक्षता पदरात किंवा रुमालात बांधून आणा, प्लॅस्टिकची पिशवी नको, ती नंतर तळ्यात जाते. डोक्याला टोपी, पाण्याची बाटली आणि मुलांच्या खिशात चिठ्ठीवर फोन नंबर. मुक्कामाला आमच्याकडं उतरा, चटणी-भाकरी आहेच. फक्त निघण्याआधी एक फोन करून पाण्याचा वार विचारून घ्या.